आज ड्युटीवर कोण?

फ्रिजचं दार उघडायचं, डावा हात कमरेवर ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि आत वाकून विचारायचं, "हं, आज ड्युटीवर कोण?" काकांच्या स्वयंपाकाची सुरुवात अशी व्हायची.

आतून अर्थातच कोणी उत्तर देत नसे. दोडके, दुधी, अर्धा कोबी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेथी निमूट पडून असायची. काका एकेकाची हजेरी घेत. "दोडका कालच येऊन गेला. दुधीला सुट्टी. कोबी, तुझा ओव्हरटाइम झालाय, तू गप बस." मग दार लावून माझ्याकडे वळत आणि बारीक आवाजात म्हणत, "पोरी, तुझ्या मोबाईलला विचार ना, काय करू?"

स्वयंपाकघरात उशिरा शिरलेले पुरुष तुम्हीही पाहिले असतील. डबा उघडून चाखल्याशिवाय त्यांना साखर कुठली नि मीठ कुठलं कळत नाही. मोहरी तडतडली की ते मागे सरकतात. काका तसेच होते. मला लिहायची सवय नाही, कॉलेजातल्या निबंधापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. पण काकांविषयी कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस वाटतंय. जसं आठवतंय तसं सांगते.

मी श्रीगोंद्याकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. नगरला प्रवेश मिळाला तेव्हा सावेडीत काकांच्या घराची खालची खोली भाड्याने घेतली. वर काका आणि काकू दोघंच राहत. मुलगा पुण्याला नोकरीला. काका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती.

पहिल्या दिवशी वडील मला सोडायला आले. काका कुठे नोकरीला होते हे ऐकून ते थबकलेच. ऊस लावणाऱ्या माणसाचा काट्यावरच्या माणसावर कधी पुरता विश्वास नसतो.

"काट्यावर व्हते व्हय? मंग आमच्या गाड्या बी तुमीच मोजल्या आसतील."

"मोजल्या असतील की," काका म्हणाले.

"कवा काटा मारला न्हाई ना?" वडिलांनी हसत विचारलं, पण ते नुसतं हसण्यावारी नव्हतं.

"मारला असता तर खाली भाडेकरू ठेवायची वेळ आली असती का?"

आतून काकूंचा आवाज आला, "नाही हो मारला! मारला असता तर माझ्या अंगावर चार दागिने दिसले असते. या बसा, चहा टाकलाय."

वडील मनापासून हसले. जाताना मला म्हणाले, "लई चांगली मान्सं हायेत. नीट ऱ्हा."

काट्याच्या गोष्टी काका रंगवून सांगत. भरलेली गाडी मोजताना काही गाडीवान वरच बसून राहत, म्हणजे त्यांचंही वजन उसात धरलं जाई. कोणी नुसताच एक पाय काट्याच्या पत्र्यावर दाबून उभा राही आणि आकाशाकडे बघे. काका खिडकीतून ओरडत, "पाय काढ रे!" ओळखीचा असो, नात्यातला असो, संचालकाचा माणूस असो. "काटा कुणाला ओळखत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. काकू त्यावर म्हणायच्या, "म्हणूनच तुम्हालाही कुणी ओळखत नाही."

मी दुसऱ्या वर्षाला गेले त्या उन्हाळ्यात काकूंना पोटाचा कॅन्सर निघाला.

ऑपरेशन झालं. मग केमोचे डोस सुरू झाले. तोंडाची चव गेली. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं, असं त्या म्हणत. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की औषध आपलं काम करतंय, पण यांचं वजन टिकलं पाहिजे. अजून खाली गेलं तर पुढचा डोस देता येणार नाही. काका घरी आले ते हेच घोकत. "वजन टिकलं पाहिजे. बाकी सगळं होईल. वजन टिकलं पाहिजे."

मुलाने स्वयंपाकाला बाई लावून दिली. तिच्या फोडणीच्या वासाने काकूंना उमळून येई. बाई गेली आणि काकांनी स्वतः पंचा खांद्यावर टाकला.

त्यांना पिठलं येत होतं आणि मुगाची खिचडी. हंगामात काट्यावर रात्रपाळी असली की तिथेच स्टोव्हवर ते करत, तेवढंच. आठवडाभर पिठलं आणि खिचडी, खिचडी आणि पिठलं. "पिठलं म्हणजे आपला बदली कामगार," काका म्हणाले. "कोणी आलं नाही की हे उभं राहतं."

"अहो, पण कायम तेच कामावर यायला लागलंय," काकू पलंगावरून म्हणाल्या. "जन्मभर ट्रक मोजलेत, चिमूटभर मीठ मोजता येत नाही."

त्या दिवसापासून मोबाईलची कटकट माझ्याकडे आली. गावाकडेही मी शिकलेली म्हणून सगळे फोन माझ्याच हातात देतात, त्यामुळे सवय होती. मी काकांना एक ॲप घालून दिलं. घरात किती माणसं, काय चालतं, काय चालत नाही हे भरलं की ते आठवड्याचा बेत आखून द्यायचं. काकांना ही कल्पना फार आवडली. "म्हणजे पाळ्यांचा तक्ताच की!"

ॲपने विचारलं, तुम्ही स्वयंपाकात किती तरबेज आहात? नवशिके, घरगुती, की पट्टीचे? काका म्हणाले, "शिकाऊ कामगार असं काही नाही का त्यात?"

पहिल्या आठवड्याच्या बेतात ब्रोकोलीचं सूप आलं. काका चितळे रोडच्या बाजारात जाऊन ब्रोकोली घेऊन आले. काकूंनी ती हातात घेऊन इकडून तिकडून पाहिली आणि विचारलं, "फ्लॉवरला काय झालं?"

मग व्हिडिओ. "नमस्कार मैत्रिणींनो," असं म्हणत एक बाई सुरुवात करायच्या. काका हातातला चमचा खाली ठेवून नमस्कार करत आणि मग कुरकुरत, "मित्रांनी काय उपाशी राहायचं का?" बाई म्हणाल्या की "आता छान परतून घ्या", तर काका फोनलाच विचारत, "छान म्हणजे किती?" सगळ्या बायांचं एकच दुखणं, असं काकांचं म्हणणं. अंदाजाने घ्या, चवीनुसार घ्या. "अगं बाई, चवच गेलीय घरातली, तिच्यानुसार कसं घेऊ?"

हे ते हसून बोलले. मीही हसले. मग काकांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

ॲपमध्ये घरातल्या प्रत्येकाच्या आवडीनिवडी लिहायच्या जागा होत्या. काकांची जागा लगेच भरली. भरली वांगी, आमसुलाचं सार, साईचं दही, तोंडल्याची भाजी. दुधी नको, हुलगे, म्हणजे कुळीथ, नकोत. काकूंच्या जागेशी आल्यावर ते थांबले. डोकं खाजवलं. मग आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"अगं, तुला काय आवडतं गं?"

"मला सगळं चालतं."

"चालतं असं नव्हे. आवडतं काय?"

काकूंनी छताकडे पाहिलं. "तुम्हाला आवडायचं तेच करत होते की मी," त्या म्हणाल्या. "मग तेच खात होते."

ती जागा रिकामीच राहिली. ॲप पुढे जाऊ देईना म्हणून मी तिथे 'सर्व' असं लिहिलं. काकांना ते पटलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस ते एकेक पदार्थ करून बघत आणि वाटी काकूंच्या हातात देऊन, समोर स्टूल ओढून बसत. आंबट चालेल म्हणून चिंचेचं सार. थंड असावं म्हणून ताकातला गारगार भात. नाचणीची पेज, रव्याची खीर, मुगाचं धिरडं. मी वर गेले की अगोदर काकूंच्या ताटाकडे बघायचे आणि मग काकांच्या चेहऱ्याकडे. दोन्हींवरून एकच बातमी कळायची.

आता उपासांचं सांगते, कारण खरा घोळ तिथेच झाला.

काकू सोमवार आणि गुरुवार धरत. साबुदाणा, भगर काही नाही. दिवसभर चहा नि दूध आणि दिवेलागणीनंतर जेवण. फार वर्षांपूर्वी काका टायफॉइडने अगदी हातचे जायची वेळ आली होती, तेव्हा बोललेले ते उपास होते. डॉक्टर म्हणाले, आता हे बंद. काकू म्हणाल्या, "माझ्यासाठी धरलेले असते तर सोडले असते. यांच्यासाठी धरलेत. मी मोडले आणि यांना काही झालं म्हणजे?"

काका चिडले, समजावून थकले. शेवटी त्यांनी त्यांच्या ओळखीच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, बाई आजारी असेल तर तिचं व्रत घरातल्या दुसऱ्याने चालवलं तर चालतं. काकांना वाटलं, सुटलं! ते आनंदाने आत गेले. "ऐकलंस का? तुझी ड्युटी आजपासून माझ्याकडे. सोमवार, गुरुवार मी धरणार. तू खायचंस."

काकूंनी मान हलवली. त्यांनाही ते मान्य झालं असावं.

पुढच्या गुरुवारी मी दुपारी कोथिंबीर द्यायला वर गेले. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या, मांडीवर ताट. मऊ भात, वरण, तूप. समोर स्टुलावर काका. त्यांची नजर ताटावरून हलत नव्हती.

"खा ना."

"खाते."

"मघापासून खातेच आहेस."

"तुम्ही कधी सोडणार?"

"दिवे लागल्यावर."

"मग मीही तेव्हाच बसते. तुम्ही समोर उपाशी आणि मी भात ओरपू? मला नाही जमायचं."

"अगं, मी उपास धरला तो तू खावंस म्हणून!"

"मी कुठं म्हटलं होतं धरा म्हणून?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं. तुझी आई बसते का आधी?"

आमच्याकडे सगळ्यांची जेवणं झाली की मग आई चुलीपाशीच पाट ओढते आणि उरलेल्या भाकरीवर कालवण घेते. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. काकूंनी लग्न झाल्यापासून काकांच्या आधी घास घेतलेला नव्हता, आणि आता आजारपणातही तो त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. संध्याकाळपर्यंत थांबावं तर तोवर त्यांना मळमळायला लागे. म्हणजे ते दोन दिवस पुरते वाया. उपास काकांचा आणि उपाशी काकू.

काका स्वतः उपास सोडायला तयार नव्हते. घेतलेलं व्रत मोडलं तर ते काकूंच्या जिवावर येईल, ही भीती आता त्यांच्या मनात बसली होती. दोघं एकमेकांसाठी अडून बसले होते. तुम्ही तिथे असता तर कुणाला समजावलं असतं? मला खरंच सुचत नव्हतं.

पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. रिक्षातून उतरताना काकूंना दोन्ही बाजूंनी धरावं लागे. तिथे भिंतीलगत एक सपाट वजनकाटा होता, पायापाशी आकडा दिसणारा. काकू शाल पांघरूनच त्यावर चढल्या. काका अगदी खेटून उभे राहिले, त्यांचा दंड धरून. त्यांनी वर भिंतीवरच्या पंख्याकडे पाहायला सुरुवात केली. सिस्टर तरुण होती, माझ्याहून थोडीच मोठी. ती आकडा वाचायला वाकली आणि तशीच थांबली.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "पाय काढा."

काकांनी खाली पाहिलं. त्यांच्या उजव्या चपलेचा पुढचा भाग काट्यावर होता. दुसऱ्या कुणाचा तरी पाय असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलून मागे घेतला. सिस्टरने पुन्हा आकडा वाचला, लिहिला आणि काही न बोलता फाइल आत नेली. मी भिंतीवरचा कुठलासा तक्ता वाचत असल्यासारखं केलं. त्यातलं एक अक्षर मला दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी डोस दिला नाही. पंधरवड्याने बघू म्हणाले.

बाहेर बाकावर आम्ही तिघं रिक्षाची वाट बघत बसलो. काका जमिनीकडे बघत होते. काकूंनी शाल सारखी केली आणि म्हणाल्या, "अख्ख्या नोकरीत एकदाही मारला नाहीत काटा. आणि मारलात तो माझ्या वेळेला, त्यातही पकडले गेलात."

काका हसायला लागले. काकूही हसल्या. हसता हसता काकांचे खांदे वेगळेच हलायला लागले, तेव्हा काकूंनी शालीतून हात काढून त्यांच्या पाठीवर ठेवला. "पुरे आता," त्या म्हणाल्या. "लोक बघतायत."

त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतली गोष्ट. काका फोनवर काहीतरी शोधत बसले होते आणि मी शेजारी वाटाणे सोलत होते. एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला. आपल्याच भागातली एक बाई शेतातल्या चुलीवर हुलग्याचे शेंगोळे करत होती. हुलग्याचं पीठ लसूण-मिरची घालून मळायचं, त्याच्या सुरळ्या वळायच्या, कडी करायची आणि उकळत्या रश्शात सोडायची. काका पुढे सरकवणार एवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"लसूण फार घातला तिनं."

काकांचा अंगठा तसाच राहिला.

"आमची आई एवढा घालत नसे," काकू म्हणाल्या. "नेवाशाला आमच्याकडे थंडी पडली की शेंगोळे ठरलेले. मी नि माझा भाऊ पातेलं खरवडायचो."

"मग आपल्याकडे कधी केले नाहीस ते?"

"तुम्हाला हुलग्याचा वास चालत नाही ना. सासूबाईंनाही चालत नव्हता." काकूंनी डोळे मिटले. "राहिलं मग."

काकांनी फोन बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळले. "पोरी, हुलग्याचं पीठ कुठं मिळतं?"

मी आईला फोन लावला. आमच्याकडे हुलगे घरचेच. आईने जात्यावर नव्हे, गिरणीतून, पण ताजं पीठ दळून आणलं आणि एसटीतून येणाऱ्या गावच्या एका माणसाकडे पिशवी दिली. पीठ आलं त्या दिवशी काकांनी तिलाच पुन्हा फोन लावायला सांगितला.

"ताई, पाणी किती?"

"आवो दादा, पानी मापून न्हाई घालायचं. पीठ मागंल तेवढं घाला. वळताना हाताला त्याल लावा."

"पीठ मागेल म्हणजे कळायचं कसं?"

"हातालाच कळतं ते." आई म्हणाली. "आन् वैनींसाठी लसून बेतानं. मिरची तर दावूच नका. रस्सा पातळ ऱ्हाऊ द्या, म्हंजी गिळाया सोपं."

काकांनी सगळी सकाळ घालवली. पहिल्या कड्या मोडल्या, दुसऱ्या जाड झाल्या. हुलग्याच्या वासाने त्यांनी मधूनच खिडकीत जाऊन श्वास घेतला. त्यांच्याकडून बारीक कड्या वळल्या जाईनात तेव्हा मी हात धुऊन पुढे झाले. "तू बस," ते म्हणाले. "हे माझं आहे."

तो गुरुवार होता. ताटं वाढताना मला आठवलं आणि मी काकांकडे पाहिलं. त्यांनी तीन ताटं घेतली होती. एक माझं, एक काकूंचं, एक स्वतःचं. मग ते देव्हाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि कचेरीत बोलावं तशा आवाजात म्हणाले, "हे दोन वार माझ्याकडे होते. आजपासून चार्ज तुमच्याकडे. यात तिची सही नाही. जे काही करायचं असेल ते माझं करा."

"अहो!" काकू उठून बसल्या. "गुरुवार आहे आज. आणि लसूण!"

"माहीत आहे."

काका पलंगाशेजारी मांडी घालून बसले, एक शेंगोळा मोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात घातला. तो त्यांना आवडला नाही हे उघड दिसत होतं. त्यांनी तो चावला, गिळला आणि दुसरा घेतला. "मी जेवलो," ते म्हणाले. "आता तू जेव."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. काय वाटलं असेल त्यांना, मी सांगू शकत नाही. मग त्यांनी वाटी जवळ ओढली. एक घास. बराच वेळ चघळून दुसरा. रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायल्या. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो, ते त्यांच्या लक्षात आलं.

"असे काय बघताय? लसूण कमीच झालाय." आणि मग, "थोडा रस्सा वाढा."

काका लगबगीने उठले आणि त्यांनी डाव भरून रस्सा वाढला.

त्यानंतर ते दर सोमवारी आणि गुरुवारी आधी बसू लागले. काकूही थोडं थोडं खात. मला वाटायला लागलं होतं की आता सगळं ठीक होणार. मी देवाजवळही तेच मागत होते. पण पंधरवड्याने वजनाचा आकडा पुन्हा खालीच आला. या वेळी काका काट्यापासून लांब, दाराशी उभे होते. डॉक्टरांनी मुलाला पुण्याहून बोलावून घेतलं आणि सांगितलं की आता डोस नकोत, त्रास होणार नाही एवढंच बघू.

वजन टिकवायचं कारण संपलं तरी काकांचा स्वयंपाक थांबला नाही. आता ते एक चमचा कशाने तरी भरायला धडपडत. फ्रिजसमोर उभे राहायचे, पण आत कुणाला काही विचारायचे नाहीत. काकू थंडीत गेल्या. शेवटच्या आठवड्यात त्या फक्त कापसाने ओठ ओले करून घेत. काका कापूस धरायचे आणि म्हणायचे, "बस, एवढं घे." त्या घेत.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा काकांना पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसताना काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "अभ्यास कर," एवढंच म्हणाले. वरच्या घराला कुलूप लागलं. परीक्षेच्या दिवसांत मी सवयीने जिन्याच्या चार पायऱ्या चढून जायचे आणि मग कुलूप आठवून परत यायचे.

आठवड्यातून एकदा मी फोन करायचे. मी पास झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. पुण्याच्या घरात सगळं मोबाईलवर येतं, म्हणाले, डबेच्या डबे येतात. मी विचारायचे, "आज काय जेवलात?" सुरुवातीला ते सांगायचे आणि नावंही ठेवायचे. हळूहळू ते "जेवलो की," असं म्हणायला लागले. मग एकदा त्यांनी फोनवरून तोंड बाजूला करून सुनेला विचारलेलं मला ऐकू आलं, "अगं, आज मी जेवलो का?"

सुनेने नंतर मला वेगळा फोन करून सांगितलं, बाबांना आता सगळं आठवत नाही, तू वाईट वाटून घेऊ नकोस. फोन मात्र करत जा, तुझा आवाज ओळखतात.

मी करत राहिले. आमचं शेवटचं बोलणं झालं तेव्हा मी संध्याकाळचा स्वयंपाक करत होते. फोन ओट्यावर ठेवून, काय बोलावं ते न सुचून, मी काय करतेय तेच त्यांना सांगत होते. काका, आज मेथी केलीय. मूगडाळ घालून. भात लावलाय. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय." मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू, जणू पलीकडच्या खोलीत कुणी झोपलं आहे, "तिनं खाल्लं का गं?"

मी गॅस बंद केला.

"खाल्लं, काका."

"किती?"

"सगळं. वर पुन्हा मागून घेतलं."

"बरं झालं," काका म्हणाले. "मग मी आता जरा पडतो."